ज्वारी की नाचणी? जवळजवळ सारख्या दोन मळकट रंगांतून भिंतीसाठी एक निवडताना

रंगाच्या दुकानात पिवळा, मोरपिशी, आमसुली निवडणाऱ्यांचं काम पाच मिनिटांत उरकतं. अडकतो तो मळकट रंगवाला. ‘राखाडी नको, अगदी बदामीही नको, मधलं काहीतरी’ असं म्हणत आपण शेड कार्डावरच्या दोन चौकोनांवर येऊन थांबतो आणि थोड्या वेळाने ते दोन्ही सारखेच दिसायला लागतात. सोबत आलेला माणूस कंटाळून म्हणतो, ‘एकच तर आहेत, घे कुठलाही.’ दुकानदार म्हणतो, ‘हा खूप चालतो.’

मी सात वर्षांपूर्वी असाच ‘कुठलाही’ घेतला होता. कार्डावर फिका राखाडी. बेडरूमच्या चारही भिंतींवर चढला आणि जांभळट झाला. रात्री ट्यूबलाइट लावली की खोली जांभळाच्या सरबतात बुडवून काढल्यासारखी दिसायची. पाहुणे विचारायचे, ‘लॅव्हेंडर मुद्दाम घेतला का?’ आम्ही सहा वर्षं ‘हो’ म्हणून वेळ मारून नेली.

मागच्या वर्षी कर्वेनगरच्या त्याच फ्लॅटला पुन्हा रंग काढायचं ठरलं. या खेपेलाही शेवटी दोनच शेड उरल्या, दोन्ही राखाडी आणि बदामीच्या मधल्या. आईने कार्ड हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, ‘सारखे कुठे आहेत गं? हे ज्वारीचं पीठ, ते नाचणीचं सत्त्व.’ तिथून पुढे घरात तीच नावं पडली. अर्धं काम तिथेच झालं होतं, कारण तिने रंगाच्या आधी त्याची झाक ओळखली होती. उरलेलं अर्धं काम कसं केलं ते खाली लिहिते आहे. पहिल्यांदाच रंग निवडायला निघाला असाल तर याच क्रमाने जा.

१. झाकेला नाव द्या

भडक रंगाची ओळख लगेच पटते. मळकट रंगाचा मूळ रंग दबलेला असतो आणि भिंतीवर चढल्यावर वर येते ती झाक. हे का होतं ते दुकानातल्या टिंटिंग मशीनजवळ उभं राहिलं की कळतं. मशीन बेसच्या, म्हणजे अजून रंग न मिसळलेल्या पेंटच्या, डब्यात थोडी थोडी रंगद्रव्यं सोडतं. त्यात काळं असतं, यलो ऑक्साइड म्हणजे पिवळ्या मातीचा रंग असतो, रेड ऑक्साइड म्हणजे गेरूचा भाऊ असतो. नुसत्या काळ्याने केलेला राखाडी निळसर वाटतो. त्यात पिवळं पडलं की तो हिरवटाकडे कलतो, तांबडं पडलं की गुलाबीसराकडे. ज्वारी हिरवटाकडची होती, नाचणी गुलाबीसराकडची, आणि दोघींतला फरक एवढ्याच थेंबांचा होता.

झाक ओळखायचे दोन साधे उपाय आहेत. एक, चौकोनाशेजारी झेरॉक्सचा कोरा पांढरा कागद धरा. एकटा ‘राखाडी’ वाटणारा रंग पांढऱ्याशेजारी आला की आपली जात सांगतो. दोन, कार्डावर ज्या पट्टीत तुमची शेड आहे त्याच पट्टीच्या तळाचा सगळ्यात गडद चौकोन बघा. पट्टी एकाच कुळातली असेल तर वर जे लाजत होतं ते खाली उघड दिसतं. नाचणीच्या पट्टीच्या तळाशी चक्क वांगी रंग होता. माझ्या त्या जुन्या जांभळ्या बेडरूमच्या वेळी मी तळाकडे पाहिलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आपल्या भाषेत यासाठी चांगली सोय आहे, ती वापरा. ‘हिरवट’, ‘पिवळट’, ‘जांभळट’ म्हणताना नाक थोडं मुरडलेलं असतं. ‘पिवळसर’, ‘गुलाबीसर’ म्हणताना नसतं. घरातल्या प्रत्येकाला दोन्ही नमुने दाखवा आणि पहिला शब्द काय येतो तो ऐका. ‘सर’ आला की ‘ट’ आला, यावरून बरंच कळतं.

२. खोलीत आधीच कोण राहतंय ते बघा

भिंतीचा रंग बदलता येतो. फरशी, दारं, ओटा, सोफा बहुधा बदलणार नसतात. म्हणजे मळकट रंगाला ज्यांच्यासोबत नांदायचंय ती मंडळी आधीच ठरलेली आहेत.

सगळ्यात मोठी मंडळी फरशी. पुण्यातल्या गेल्या वीसेक वर्षांतल्या कित्येक फ्लॅटमध्ये बिल्डरने घातलेली दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड टाइल असते आणि सगळे तिला ‘आयव्हरी’ म्हणतात. तिच्यावर तोच कोरा पांढरा कागद ठेवून बघा. आमची आयव्हरी चांगलीच गुलाबी निघाली. दहा वर्षं तिच्यावर पाय ठेवून चालले, कधी लक्षात आलं नव्हतं. पेठेतल्या जुन्या घरात शहाबादी असेल तर ती निळसर-हिरवट असू शकते. सागवानी दारं तांबूस-पिवळी असतात. खिडकीच्या पांढऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीपुढे क्रीम रंगाची भिंत मळलेली दिसते, तेही बघून ठेवा.

शेजार रंग बदलतो ही काही नवी गोष्ट नाही. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवर लावायचे विणलेले पट तयार व्हायचे. तिथे काळा धागा फिका पडतो अशी तक्रार होती. रंगविभागाचा प्रमुख असलेल्या शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तपासलं, तर रंगात खोट नव्हती. शेजारचे निळे-जांभळे धागे काळ्याला फिका दाखवत होते. त्याने हा सगळा अभ्यास १८३९ मध्ये छापला. आपल्या हॉलला लावून सांगायचं तर असं: गुलाबी झाकेच्या फरशीवर हिरवट झाकेची भिंत आली की फरशी आणखी गुलाबी दिसते आणि भिंत आणखी हिरवी. दोघींची झाक एकाच दिशेची असेल तर दोघीही शांत होतात.

म्हणजे आमच्या फरशीला नाचणी बरी, असा हिशेब लागला. मी तेवढ्यावर डबा आणायला निघाले होते. बरं झालं थांबले.

३. खिडकी कुठल्या दिशेला, आणि कुठल्या देशात

इंटरनेटवर रंगाचे जे सल्ले मिळतात त्यातले बरेच इंग्लंड-अमेरिकेतले असतात. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: उत्तरेच्या खोलीत कधी ऊन येत नाही, म्हणून तिथे उबदार रंग द्या. लंडनला ते बरंचसं चालतं. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. इथे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते, आणि मधल्या काळात तो उत्तरेला सरकलेला असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीत सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन येतं. जूनमध्ये ढग आले की तेही संपतं, पण मे महिन्यात ते असतं आणि झोंबतं. उलट डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत लांब पसरतं. पूर्वेला सकाळी पिवळं, पश्चिमेला संध्याकाळी केशरी, हे तर घरात राहणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

दिशेहूनही जास्त फरक कधी कधी खिडकीबाहेरच्या वस्तू पाडतात. समोर गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्ष असेल तर दिवसभर हिरवा उजेड आत येतो. आमच्या समोरची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आहे आणि तिच्याभोवती निळे पत्रे उभे आहेत. सकाळी अकराला त्या पत्र्यांवर ऊन पडलं की आमच्या आतल्या खोलीचं छतसुद्धा निळसर होतं. मी त्या निळ्याचा हिशेब धरून शेड बदलायला निघाले होते. पेंटर म्हणाले, ‘ताई, पत्रे जाणारेत, भिंत राहणारे.’ ऐकलं त्यांचं.

आणखी एक. आपल्याकडे रंग निघतो दसरा-दिवाळीच्या आधी, म्हणजे शेड निवडली जाते ती ऑगस्ट-सप्टेंबरच्या ढगाळ, राखी उजेडात. त्या उजेडात प्रत्येक मळकट रंग आहे त्याहून उदास दिसतो आणि माणूस घाबरून एक घर पिवळ्याकडे सरकतो. मग ऑक्टोबरच्या उन्हात भिंती श्रीखंडासारख्या दिसतात. जमलं तर एप्रिलमध्येच निवडून शेड नंबर वहीत लिहून ठेवा. पेंटरही तेव्हा फोन उचलतात.

४. नमुना लावा, पण भिंतीवर नको

पेंटरला नमुना लावायला सांगितलं की तो जुन्या भिंतीवर मधोमध फुटभर चौकोन मारतो. तुमची जुनी भिंत पिस्ता असेल तर त्या पिस्त्यात बसून कुठलाही राखाडी गुलाबी दिसणार. शेव्रलचंच प्रकरण.

त्याऐवजी अप्पा बळवंत चौकातून किंवा कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतून जाड पांढऱ्या कार्डशीटचे चार मोठे तुकडे आणा, एका शेडला दोन. दोन्ही शेडचे सगळ्यात लहान डबे बनवून घ्या. बऱ्याच दुकानांत तो एक लिटरचा असतो, कुठे कुठे त्याहून लहान नमुनाही मिळतो. काहीशे रुपये जातात. चार भिंती पुन्हा रंगवण्याच्या मजुरीपुढे ते काहीच नाहीत. कंपनी, उत्पादन आणि फिनिश दोन्हींचं एकच असू द्या. एक मॅट आणि एक चकाकीचा असेल तर तुम्ही रंगांऐवजी चकाकीच तोलत बसाल.

रोलरने एक हात, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा हात. इमल्शन, म्हणजे भिंतीला लावायचा पाण्यात मिसळणारा रंग, ओलं असताना फिकं, दुधाळ दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं, त्यामुळे ओल्यावर मत देऊ नका आणि घरच्यांनाही देऊ देऊ नका. पावसाळ्यात एक रात्र जाऊ द्या. वाळल्यावर शीटच्या कडेची कोरी पांढरी पट्टी कापून टाका, नाहीतर त्या पांढऱ्यापुढे रंग उगाच गडद वाटेल. मागे पेन्सिलीने नाव लिहा. आम्ही ‘ज्वा’ आणि ‘ना’ लिहिलं होतं आणि एकदा ‘ना’ वाचून नवऱ्याला वाटलं ती शेड बाद झाली.

आता मांडणी. शीट टेबलावर आडवी ठेवून बघू नका. भिंत उभी असते, तिच्यावर उजेड वेगळा पडतो. सुरुवातीला दोन्ही शेजारी शेजारी उभ्या करा म्हणजे झाकेतला फरक डोळ्यांत बसेल. एवढं झालं की त्यांना वेगळं करा. शेजारी ठेवलेल्या दोन शेड एकमेकींचा फरक फुगवून दाखवतात, आणि तुमच्या घरात तर त्यातली एकच राहणार आहे. एका दिवशी फक्त ज्वारी लावा, दुसऱ्या दिवशी फक्त नाचणी. फरशीला टेकवून, दाराच्या चौकटीला लावून, खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि खिडकी असलेल्या भिंतीवरही बघा. खिडकीच्याच भिंतीवर सगळ्यात कमी उजेड पडतो आणि तिथेच मळकट रंग सिमेंटसारखा दिसण्याची भीती असते. एकदा दोन शीट कोपऱ्यात काटकोनात उभ्या करून बघा. भिंती एकमेकींवर रंग टाकतात, त्यामुळे कोपऱ्यात झाक वाढलेली दिसते. चारही भिंती रंगवल्यावर खोलीत साधारण तसंच होतं.

फोनवर फोटो काढून बहिणीला पाठवण्याचा मोह आवरा. कॅमेरा पांढरेपणा आपल्या मनाने ठरवतो. एकाच शीटचे माझ्याकडे दोन फोटो आहेत, एकात ती मोतिया आहे, एकात पोलादी.

५. चार वेळा बघा, त्यात एकदा रात्री

सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री नऊ. जमल्यास एक उन्हाचा आणि एक ढगाळ दिवस. रात्रीचं बघणं लोक टाळतात आणि बहुतेक फसतात ते तिथेच.

लक्ष्मी रोडवर साडी घेताना आपण ती दुकानाच्या दारात नेऊन उजेडात बघतो. ब्लाउजपीस मॅचिंग सेंटरमध्ये तंतोतंत जुळलेला असतो आणि घरी आल्यावर भलताच निघतो. याला मेटामेरिझम म्हणतात: दोन रंग एका उजेडात जुळतात, दुसऱ्या उजेडात फुटतात, कारण त्यांच्यातली रंगद्रव्यं वेगळी असतात. जी काळजी आपण साडीची घेतो ती भिंतीची घेत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा बघा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर वॉर्म व्हाइट, ४००० च्या आसपास मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा कूल डेलाइट. आपल्याकडे हॉलमध्ये ६५०० ची ट्यूब आणि फॉल्स सीलिंगमध्ये ३००० चे छोटे दिवे अशी खिचडी सर्रास असते. दोन्ही वेगवेगळे लावून बघा. निळसर ट्यूबखाली हिरवट आणि जांभळट झाका उठून दिसतात. पिवळ्या दिव्याखाली हिरवट झाक बरीचशी विरते आणि गुलाबीसर झाक पिकते. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, लिहिला असेल तर ८० च्या वरचा घ्या, ९० मिळाला तर उत्तमच. कमी असेल तर चांगला रंगही मेलेला दिसतो. आणि दिवे बदलायचा विचार असेल तर आधी दिवे बदला, मग रंग ठरवा. मी हे उलटं करून बसलेल्यांना भेटले आहे.

६. आकडा एकच बघायचा तर एलआरव्ही

शेड किती उजेड परत फेकते त्याचं हे ० ते १०० असं माप आहे. काळ्याजवळ ०, पांढऱ्याजवळ १००. काही कंपन्या तो शेडच्या माहितीत देतात. भरपूर उजेडाच्या हॉलमध्ये चार-पाच अंकांचा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बेडरूमकडे जाणारा बिनखिडकीचा बोळ असतो तिथे मात्र जाणवतो, तिथे जास्त आकड्याची शेड घ्या. झाकेबद्दल हा आकडा काही सांगत नाही. दोन शेडचे आकडे अगदी सारखे असूनही एक हिरवट आणि एक गुलाबी असू शकते.

७. मग ठरवायचं कसं

आमचं असं झालं. फरशी नाचणीच्या बाजूने होती. सकाळी नऊ आणि दुपारी एकला नाचणीच सरस ठरली. हॉल मऊ, एकसंध दिसत होता. आमची गॅलरी पश्चिमेला आहे. साडेपाच वाजता ऊन आत आलं आणि नाचणीचं कॅलामाइन लोशन झालं. रात्री वॉर्म दिव्यांत तर भिंत अंगाच्या कातडीसारखी दिसायला लागली. ज्वारी दुपारी फरशीपाशी किंचित खटकत होती, पण संध्याकाळी तिने ते केशरी ऊन पचवलं आणि रात्री हिरवटपणा जाऊन नुसता एक स्वच्छ, शांत रंग उरला.

आता हॉलमध्ये आम्ही असतो कधी? संध्याकाळी सात ते साडेदहा. दुपारी एकला तिथे फक्त टीव्ही असतो, तोही बंद. म्हणून हॉलला ज्वारी लागली आणि फरशीवर एक मोठी सतरंजी पडली. आई दिवसभर घरी असते, तिची खोली उत्तरेची, रात्री नऊला दिवा बंद. तिथे नाचणी. तिने विचारलं, ‘म्हणजे मला सत्त्वच का?’ पण रंग आवडलाय तिला.

तेव्हा ‘कुठला छान दिसतो’ हा प्रश्न बाजूला ठेवा. खोलीत तुम्ही कुठल्या वेळी असता ती वेळ धरा, त्या वेळी कुठली झाक त्रास देते ते बघा आणि ती शेड काढून टाका. दोन्ही त्रास देत असतील तर दोन्ही सोडून त्याच पट्टीत एक घर वर जा. आणि दोन्ही चारही वेळा सारख्याच बऱ्या वाटल्या तर चिठ्ठी टाका. तुमच्या खोलीपुरता तो फरक उरलेला नाही.

८. दुकानात आणि पेंटरजवळ

शेडचं नाव सांगू नका, नंबर सांगा, सोबत कंपनी, उत्पादन आणि फिनिशही. एका कंपनीची शेड दुसरीच्या बेसमध्ये ‘मॅच करून देतो’ म्हणणारे भेटतील. भडक रंगात ते खपून जातं. मळकट रंगात दोन थेंब इकडेतिकडे झाले की ज्वारीची नाचणी होते.

एका खोलीला लागणारा सगळा रंग एकाच वेळी बनवून घ्या. एक लिटरमध्ये किती चौरस फूट होतात ते डब्यावर लिहिलेलं असतं. दोन हातांचा हिशेब धरा आणि वर थोडा ठेवा, कारण मशीनवर बनवलेला रंग दुकानदार परत घेत नाही. एकाच शेडचे दोन-तीन डबे असतील तर मोठ्या बादलीत ओतून एकत्र ढवळायला सांगा. डब्याडब्यांत किंचित फरक पडू शकतो आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध उघडा पडतो.

पेंटर अनुभवी असला की स्टेनरची, म्हणजे घट्ट रंगद्रव्याची, छोटी बाटली काढून ‘जरा उजळ करू का’ म्हणतो. हौसेने म्हणतो, पण नको म्हणा. हाताने घातलेल्या थेंबांचं प्रमाण कुठेच लिहिलेलं नसतं, पुढे टच-अप करायची वेळ आली की तो रंग पुन्हा जमत नाही. कुठे ओल असेल तर ती आधी बघा. ओलीच्या डागावर ज्वारी काय आणि नाचणी काय, दोन्ही पापुद्र्यांनी सुटतात. पुट्टी घासून प्रायमर लागेपर्यंत भिंत ठिगळाठिगळांची दिसते, तेव्हा पोटात गोळा आणू नका. पहिल्या हातानंतरही आणू नका.

काम संपलं की डब्याच्या झाकणावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. शेड नंबर, बेस, तारीख सगळं त्यावर असतं. उरलेला रंग लहान, घट्ट झाकणाच्या डब्यात काढा, वर खोलीचं नाव लिहा आणि माळ्यावर ठेवून द्या. आमच्या माळ्यावर ते दोन डबे लोणच्याच्या बरणीशेजारी आहेत. आईने त्यावर खडूने लिहिलंय: ‘हे पीठ नाही.’